भंडारदऱ्याचं पंचांग

भंडारदऱ्याला कधी जावं, असं मला कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते, तुम्हाला बघायचंय काय? भरलेलं धरण बघायचं असेल तर ऑगस्टचा उत्तरार्ध. काजवे हवे असतील तर मे संपता संपता, रोहिणी नक्षत्र लागल्यावर. रतनगड, कळसूबाई चढायचे असतील तर दिवाळी होऊ द्या. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा हे सगळं एकाच शनिवार-रविवारात हवं असतं, आणि ते तसं मिळत नाही म्हटलं की त्याचा चेहरा पडतो. मला मात्र त्या गावाची गोडी लागली ती याच कारणाने.

नाशिकहून घोटीला आलं की मुंबईचा रस्ता सोडायचा आणि बारीच्या दिशेने वळायचं. कुलंग, मदन, अलंग आणि मग कळसूबाई अशी रांग सोबतीला येते. बारीची चढण संपली की पलीकडच्या उतारावर, धरणाला लागून शेंडी गाव. तालुका अकोले, जिल्हा आता अहिल्यानगर, कालपरवापर्यंतचा नगर. एसटी थांबते तिथे चहाच्या टपऱ्या, जेवणाची घरगुती ठिकाणं आणि जीपवाले. उतरल्या उतरल्या कुणीतरी विचारतं, ‘पॉइंट करायचे का?’ अंब्रेला फॉल, रंधा धबधबा, न्हाणी फॉल, रतनवाडीचं देऊळ, सांदण दरी, घाटघरचा कोकणकडा. हे सगळं एका दिवसात उरकता येतं आणि पुष्कळजण उरकतात. त्यात वाईट काही नाही. ज्यांना वर्षातून एकच सुट्टी मिळते त्यांनी काय करावं? पण त्या यादीत गावातल्या माणसांच्या आवडीचं किती असतं, हा प्रश्न मला शेंडीतल्या पहिल्या मुक्कामापासून पडलेला आहे.

टपरीवरच्या एका काकांना मी तेव्हा विचारलं होतं, ‘तुमच्या घरी पाहुणे आले की तुम्ही त्यांना कुठे नेता?’ ‘इथे बघण्यासारखं काय आहे’ असं विचारलं असतं तर त्यांनी तीच यादी सांगितली असती. यावर मात्र ते हातातलं पातेलं खाली ठेवून विचारात पडले. म्हणाले, ‘पाहुणा कधी येतोय त्याच्यावर हाय, ताई. आवणीत आला तर शेतात. नवरात्रात आला तर डोंगरावर. पुसात आला तर राजूरला जनावरं बघायला.’ मग जरा थांबून, ‘उन्हाळ्यात सहसा कुणी येत न्हाई. पाण्याचे हाल असतात.’

धरणाच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर उभा असलेला माणूस पाण्याचे हाल म्हणत होता. त्या एका वाक्याचा उलगडा व्हायला मला बराच काळ आणि वेगवेगळे महिने लागले.

भंडारदऱ्याचं धरण इंग्रजांनी बांधलं. काम १९१० मध्ये सुरू झालं आणि १९२६ मध्ये पुरं झालं. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्यावरून भिंतीला विल्सन डॅम म्हणतात आणि मागच्या जलाशयाला आर्थर लेक. ही नावं मार्गदर्शक पुस्तकांत असतात. गावात सगळे नुसतं ‘धरण’ म्हणतात. दगडी बांधणीची ही भिंत सुमारे ८२ मीटर उंच आहे आणि तिच्यामागे प्रवरेचं अकरा टीएमसी पाणी अडतं. भिंतीच्या पोटातून सोडलेलं पाणी एका गोल खडकावर पडून चहूबाजूंनी घसरतं, तोच अंब्रेला फॉल. म्हणजे ज्याचे फोटो सगळे घेऊन जातात तो धबधबा पाटबंधारे खात्याने पाणी सोडलं तरच दिसतो. ते कधी सोडायचं हे ठरतं खालच्या गरजेवर. इथून निघालेली प्रवरा निळवंड्याच्या धरणात जाते, तिथून पुढे ओझरच्या बंधाऱ्यावरून डाव्या-उजव्या कालव्यांनी संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरच्या शेतांत शिरते. त्या पट्ट्यातला ऊस या पाण्यावर उभा राहिला आणि त्या उसावर १९५० च्या सुमारास लोणीजवळ सहकारी साखर कारखाना उभा राहिला, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने. महाराष्ट्राच्या सहकाराचा इतिहास या डोंगरांतल्या पावसावर उगवलेला आहे.

आणि तो पाऊस ज्या वाड्यांवर पडतो त्या वाड्यांच्या विहिरी मार्च-एप्रिलमध्ये तळ गाठतात. घाटघर-रतनवाडीला वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तेवढा पाऊस पूर्वेला अकोले शहराच्या स्वप्नातही येत नाही. पण इथली जमीन म्हणजे काळ्या बेसाल्टचे थरावर थर, वर मातीचं पातळ पांघरूण. पाणी मुरत नाही, उतारावरून धावतं आणि धरणात जमा होतं. वाड्या उंचावर, धरण खाली. त्यामुळे मे महिन्यात डोक्यावर हंडे घेऊन चढण चढणाऱ्या बायका आणि त्यांच्या पाठीमागे, खाली, अजूनही बऱ्यापैकी शिल्लक असलेलं निळं पाणी, हे दृश्य एकाच नजरेत दिसतं. मला ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी काठावरच्या एका रिसॉर्टच्या हिरवळीकडे पाठ करून उभी होते. तेव्हापासून मुक्कामाची जागा निवडताना मी एक गोष्ट बघते. पाणी कुठून येतं, असं विचारल्यावर घरातली बाई लगेच उत्तर देऊ शकते का? जिला सांगता येतं तिच्याकडे मी राहते.

अशाच एका मावशींकडे माझा मुक्काम असतो. त्यांचं घर धरणाच्या उत्तरेच्या काठाला, मुरशेतच्या बाजूला आहे. कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेली ओटी, मागे शेळ्यांचा गोठा. पाहुण्यांसाठी त्यांनी दोन पक्क्या खोल्या बांधल्या आहेत. स्वयंपाक मात्र जुन्याच घरात, चुलीवर. त्यांच्याकडे काय जेवायला मिळेल हेसुद्धा महिन्यावर ठरतं. जूनच्या शेवटी गेलं तर चाईची भाजी, भारंगी, कुर्डू. श्रावणात करटुली. थंडीत वालाची नाहीतर घेवड्याची रस्सा-भाजी, नागलीची भाकरी, लसणाची चटणी आणि धरणातला मासा. मासा कुठला, असं विचारलं तर जाळ्यात सापडला तो. एकदा थंडीत त्यांनी एक वेगळाच घेवडा शिजवला होता, दाणा जाड आणि चवीला किंचित गोडसर. मी बी मागितलं. त्यांनी लुगड्याच्या ओच्यातून नव्हे, राखेने भरलेल्या मडक्यातून मूठभर काढून दिलं आणि वर अट घातली, ‘लावलं तर पुढल्या साली दुप्पट परत आणून दे.’

ही अट त्यांची एकटीची नाही. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं गोळा केलं, जपलं आणि बायकांमध्ये वाटलं ते साधारण याच रिवाजाने. त्यांना २०२० चा पद्मश्री जाहीर झाला तेव्हा शहरांत त्यांच्याविषयी खूप लिहून आलं. इथल्या बायकांना त्यात नवल होतं ते पुरस्काराचं, बियांचं नाही. वाल-घेवड्याचे किती प्रकार, भाताचे किती, काळभात कुठल्या खाचरात येतो आणि कुठल्यात येत नाही, हे ज्ञान इथे चुलीपाशी बसून सहज ऐकायला मिळतं. भंडारदऱ्यात चांगलं जेवण कुठे मिळतं, असं विचारणाऱ्यांना माझं सांगणं असतं की आदल्या दिवशी सांगून ठेवा आणि काय करायचं ते त्या घरावर सोडा. ‘पनीर नको’ एवढं मात्र आवर्जून सांगा, कारण पाहुण्यांना तेच आवडतं असा इथे पक्का समज झालाय आणि त्यापायी मावशी राजूरहून पनीर मागवतात.

थंडीतल्या एका सकाळी मी शेंडीहून नावेने रतनवाडीला गेले. रस्त्याने जीप धरणाला वळसा घालून नेते, ते सोयीचं आहे. पण नावेतून गेलं तर रतनगड समोरून हळूहळू वाढत येतो आणि त्याच्या माथ्याजवळचं नेढं, डोंगराला आरपार पडलेलं भोक, आधी ठिपक्याएवढं आणि मग स्पष्ट दिसू लागतं. नाव चालवणारे मामा महादेव कोळी समाजातले. वाटेत त्यांनी पॉइंट एकही दाखवला नाही. देवगाव कुठल्या दिशेला ते मात्र हात करून दाखवलं. राघोजी भांगरे तिथले. सावकारांच्या जाचाविरुद्ध आणि हिरावून घेतलेल्या हक्कांसाठी इंग्रजांशी लढलेला माणूस. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिलं. मामांनी ही गोष्ट घरातल्या थोरल्या माणसाविषयी बोलावं तशी सांगितली. सावकार त्या वेळी वहीत काय लिहीत आणि लोकांना काय वाचून दाखवत, हेही सांगितलं. वल्ही मारताना त्यांचा आवाज चढत नव्हता, पण ‘राघोजी’ म्हणताना प्रत्येक वेळी वल्हं क्षणभर थांबत होतं.

रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ मी सावकाश बघितलं आहे आणि अजून पुरतं बघून झालेलं नाही. शिलाहारांच्या काळातलं हे शिवमंदिर भूमिज शैलीचं आहे. शिखराच्या चार बाजूंना खालपासून वरपर्यंत जाणारे कोरीव पट्टे आणि त्यांच्या मधल्या भागात छोट्या छोट्या शिखरांच्या प्रतिकृती, ओळीत एकावर एक रचलेल्या, वर जाताना लहान लहान होत गेलेल्या. उन्हाची तिरीप पडली की प्रत्येक छोट्या शिखराची स्वतंत्र सावली पडते आणि दगड हलल्याचा भास होतो. मंदिराला पुढून मंडपातून वाट आहे, तशी मागच्या बाजूनेही एका मुखमंडपातून थेट गाभाऱ्याकडे जाता येतं. शेजारी दगडी पुष्करणी. तिच्या भिंतींतल्या कोनाड्यांत विष्णूच्या मूर्ती आहेत आणि पाणी हिरवट, नितळ.

त्या दिवशी देवळात एक आजीबाई झाडत होत्या. मी छताकडे मान वर करून नक्षी बघत होते तर म्हणाल्या, ‘सुकंसाकं काय बघती? पावसात ये. पिंड पाण्यात असती तवा.’ पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी साचतं आणि पिंड त्यात बुडते. प्रवरेचा उगम याच रतनगडावर मानतात, तिला अमृतवाहिनी म्हणतात, तेव्हा नदी देवाला आधी न्हाऊ घालते आणि मग खाली जाते, अशी आजीबाईंची मांडणी होती. मी पुढच्या पावसाळ्यात गेले. देऊळ शेवाळलेलं, काळं, पुष्करणी काठोकाठ, मागचा रतनगड ढगात अजिबात नाहीसा झालेला. गाभाऱ्याच्या पायऱ्यांपर्यंत पाणी आणि त्या पाण्यात बेलाची पानं. आत जाता येत नव्हतं, म्हणून माणसं वरच्या पायरीवर वाकून ओंजळीने त्याच पाण्याला नमस्कार करत होती. फोटोत यातलं काही आलं नाही. लेन्सवर थेंब होते आणि उजेड नव्हता. पण त्या आजीबाईंचं म्हणणं मला पटलं. कोरड्या दिवसात ते देऊळ उत्तम शिल्प आहे. पावसात ते देऊळ आहे.

रतनगडाचा ट्रेक, सांदण दरी यांच्याविषयी पुष्कळांनी लिहिलंय, मी थोडक्यात सांगते. रतनगडाला माथ्याजवळ शिड्या आहेत आणि नेढ्यात बसल्यावर वारा माणसाला बोलू देत नाही. साम्रदजवळची सांदण ही जमिनीला पडलेली अरुंद, खोल भेग. दोन्हीकडे उभे कातळ आणि मधून वाट. पावसाळ्यात तिथे पाऊल टाकायचं नाही, गावातला माणूस सोबत असल्याशिवाय एरवीही नाही. वर ऊन असताना लांब डोंगरावर पडलेल्या सरीचं पाणी कधी भेगेत उतरेल याचा अंदाज साम्रदच्या पोरांना असतो, आपल्याला नसतो.

कळसूबाईविषयी मात्र थांबून बोलायला हवं. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यांत उंच शिखर. शनिवारी रात्री बारी गावात मुंबई-पुण्याच्या बसगाड्या येतात, पहाटे सूर्योदयासाठी बॅटऱ्यांची रांग डोंगर चढते आणि लोखंडी शिड्यांवर खोळंबा होतो. गावातल्या बायकांना मी विचारलं, तुम्ही कधी चढता? नवरात्रात, असं एकमुखी उत्तर आलं. माथ्यावर कळसूबाईचं छोटं देऊळ आहे. नवसाची बाई अनवाणी चढते, कुणी कडेवर लेकरू घेऊन, कुणी घट घेऊन. कळसू ही इथली मुलगी होती अशी कथा सांगतात. पाटलाच्या घरी कामाला राहिली, पण कुठलं काम करणार आणि कुठलं नाही हे तिने आधीच बजावलेलं. घरच्यांनी ते मोडलं तेव्हा ती रागावून डोंगरावर निघून गेली आणि परत आली नाही. मला सांगणाऱ्या वहिनींनी कथेच्या शेवटी हात जोडले आणि लगेच म्हणाल्या, ‘बरोबरच केलं तिने.’ नवरात्रात मी त्या बायकांच्या मागोमाग चढले. कुठेही घाई नव्हती. थांबायच्या जागा ठरलेल्या, प्रत्येक थांब्यावर कुणाचं तरी गाणं, कुणाची तरी भाकर सुटायची. खालच्या उतारांवर भात निसवलेला होता आणि उतारांना सोनकीने पिवळं केलेलं. सूर्योदय कुणीच बघायला आलं नव्हतं. उन्हं डोक्यावर आल्यावर आम्ही माथ्यावर पोचलो आणि धरण, रतनगड, लांबवर हरिश्चंद्रगड असं सगळं स्वच्छ दिसलं.

काजव्यांचं मला सगळ्यांत जास्त कौतुक वाटतं, आणि काळजीही त्यांचीच सगळ्यांत जास्त. मेच्या शेवटच्या आठवड्यात, वळवाच्या एक-दोन सरी पडून गेल्या की हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर काजवे उतरतात. मृगाचा पाऊस जोर धरेपर्यंत त्यांचा हंगाम. हे आयुष्य किती छोटं! त्याआधीचे कितीतरी महिने अळीच्या रूपात ओल्या पाचोळ्यात, गोगलगायी आणि गांडुळं खात गेलेले असतात. पंख फुटल्यावर हाताशी उरतात थोडे आठवडे, तेही जोडीदार शोधण्यासाठी. प्रकाश त्याच्याचसाठी. नर चमकतो, मादी उत्तर देते.

मावशींचे दीर मला रात्री घेऊन गेले तेव्हा त्यांनी आधी माझ्या हातातली बॅटरी काढून घेतली आणि खिशात टाकली. शेताच्या बांधावर आम्ही बसलो. अंधार एवढा की शेजारच्या माणसाचा केवळ श्वास. ‘दमानं बघ, डोळं बसू दे,’ एवढंच ते म्हणाले. आधी दूरवर दोन-तीन ठिणग्या. मग एका सादड्याच्या शेंड्याकडे काही तरी हललं आणि बघता बघता अख्खं झाड, बुंध्यापासून डहाळीपर्यंत, एकदम पेटलं आणि एकदम विझलं. पुन्हा पेटलं. पलीकडच्या झाडाने तीच लय उचलली. त्या उजेडात पानांच्या कडा दिसत होत्या. एक काजवा माझ्या बाहीवर येऊन बसला. मी मान वाकवून जवळून बघितला. तांबूस-तपकिरी, तांदळाच्या दाण्याहून जरा लांब, आणि पोटाच्या टोकाला हिरवट-पिवळा उजेड, चालू होताना क्षणभर थरथरणारा. बोट लावलं तर गारच. या उजेडात उष्णता जवळजवळ नसतेच.

आणि मग वळणावरून गाडी आली. पुढच्या दिव्यांचा झोत शेतावरून फिरला आणि झाड विझलं. नुसतं विझलं नाही, बराच वेळ पुन्हा पेटलंच नाही. मागून आणखी गाड्या. कुणी उतरून मोबाइलचा दिवा लावून झाडाखाली गेलं, कुणी लहान मुलाला दाखवायला काजवे बाटलीत भरले. त्या माणसांविषयी मला राग होता असं म्हणणार नाही. ती कौतुकानेच आलेली होती, शंभर-दीडशे किलोमीटरवरून. पण मादी जमिनीलगत, गवतात, पाचोळ्यात असते आणि ती पायाखाली येते हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे, १९८६ पासून. वनखात्याने रात्रीच्या प्रवेशावर वेळेची बंधनं घातली, नाके बसवले, गावातल्या पोरांना मार्गदर्शक म्हणून उभं केलं. त्याचा उपयोग होतो. तरी माझं स्पष्ट मत आहे की काजवे बघायला आलेल्यांच्या गाड्या संध्याकाळनंतर गावाच्या वेशीवरच थांबवाव्यात आणि पुढे पायी, गावातल्या माणसाच्या मागे, बिनदिव्याचं न्यावं. त्यात त्या पोरांना रोजगार मिळेल आणि झाड पेटतं राहील. ज्यांना अंधारात दोन किलोमीटर चालणं झेपत नाही त्यांना बैलगाडीने न्यावं. मावशींच्या दिरांनी हे सुचवलं आणि त्यांच्याकडे बैल आहेत.

त्यांचे बैल डांगी. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, कातडीला हात लावला तर किंचित तेलकट लागतो. या तेलामुळे पावसाचं पाणी अंगावर थांबत नाही आणि आवणीत, म्हणजे भाताच्या लावणीत, आठ-आठ तास चिखलात उभं राहूनही हे जनावर आजारी पडत नाही. दुसऱ्या जातीचा बैल इथल्या पावसाळ्यात टिकत नाही. टपरीवरच्या काकांनी सांगितलेलं राजूरचं डांगी जनावरांचं प्रदर्शन मी पुढे एका डिसेंबरात पाहिलं. शिंगांना रंग, गळ्यात घुंगरं, पाठीवर झूल; आणि प्रत्येक बैलाभोवती त्याच्या खुरापासून शेपटीपर्यंत परीक्षा करणारे म्हातारे. कुणी वळू वाडवडिलांपासूनच्या वंशासकट सांगतं. पर्यटक जवळपास नाहीत. येताना राजूरच्या बाजारात पेढे घेतले, गरम भजी खाल्ली आणि शेवटच्या जीपने शेंडीला आले.

आवणीबद्दल काका म्हणाले होते ते मात्र मला फार उशिरा जमलं. जुलैत पाऊस इतका असतो की शहरातला माणूस खिडकीत बसून भजी मागवतो. मावशींच्या खाचरात मी उतरले तेव्हा चिखल पोटऱ्यांपर्यंत, डोक्यावर इरलं, आणि दोन्ही बाजूंना बायकांची ओळ, मागे मागे सरकत रोप टोचत जाणारी. माझी ओळ वाकडी. त्यांनी ती उपटून पुन्हा लावली नाही. ‘राहू दे, भात काय सरळ बघून येतो व्हय,’ म्हणाल्या आणि पुढे सरकल्या. दुपारी बांधावर भाकरी, सुकट आणि कांदा. धरण तिथून दिसत होतं, दिवसागणिक वर चढणारं. त्या आठवड्यात गावात सगळ्यांच्या तोंडी एकच हिशेब होता, आज किती टीएमसी झालं. पंधरा ऑगस्टपर्यंत भरतं की नाही, यावर चहाच्या पैजा लागतात.

एक हंगाम अजून राहिलाय. फाल्गुन-चैत्रात, कुणीही बाहेरचं फिरकत नाही त्या दिवसांत, इथली घरंच्या घरं हिरडा गोळा करायला रानात जातात. पिकण्याआधीचा कोवळा बाळहिरडा तोडायचा, झोडायचा, उन्हात पसरून काळा पडेपर्यंत वाळवायचा. औषधाच्या बाजारात त्याला मागणी असते आणि भातानंतर हाताशी येणारा रोख पैसा तो एवढाच. त्या आठवड्यांत झाडांवर माणसं असतात, खाली म्हाताऱ्या आणि मुलं वेचत असतात, अंगणं हिरड्यांनी भरलेली असतात. काजवे ज्या झाडांवर उतरतात त्यातलं हे एक झाड, म्हणून मला ते त्या वेळी बघायचं होतं, झाडाखाली बसून वेचायचं होतं. दोन्ही गोष्टींसाठी मी मार्चच्या मध्याची सुट्टी टाकली आणि मावशींना फोन केला.

‘औंदा मोहर उशिरा आलाय,’ त्या म्हणाल्या. ‘आत्ता येऊन काय करशील? झाड बघून जाशील फक्त. पंधरा दिवसांनी मी सांगते. आन् येताना घेवडा आण, दुप्पट सांगितला व्हता.’

सुट्टी मी पुढे ढकलली आहे. घेवडा गच्चीतल्या पिंपात चांगला आलाय, दुपटीहून जास्त.